निप्पोरीच्या कापडपेठेत

टोकियो शहराला वळसा घालणाऱ्या यामानोते रेल्वेमार्गावर उएनोच्या पुढचे दुसरे स्थानक निप्पोरी. नारिता विमानतळावरून येणारी जलद गाडी इथे थांबते, त्यामुळे बहुतेक प्रवासी निप्पोरीला केवळ गाडी बदलायला उतरतात आणि बॅगा ओढत पुढे जातात. पूर्वेच्या दाराने बाहेर पडून पाचेक मिनिटे चालले की मात्र एक सरळ रस्ता सुरू होतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना जवळजवळ किलोमीटरभर कापड आणि कापडाला लागणाऱ्या वस्तूच दिसतात. सुती, लोकरी, रेशमी, अस्तर, लेस, बटणे, चामडे, झिपा, दोरे. दुकानांची संख्या नव्वदच्या आसपास आहे. गोधडी शिवणाऱ्या बाईला टोकियोत एकच ठिकाण पाहायची सवड असेल, तर तिने बाकी सगळे सोडून इथे यावे, असे माझे मत आहे.

मी इंदूरची. रामबागेत आम्ही काही मराठी बायका दुपारी एकत्र बसून गोधड्या शिवतो. पूर्वी जुन्या लुगड्यांच्या आणि धोतरांच्या घड्या एकावर एक घालून धावदोरा घातला की गोधडी होत असे. आता घरात लुगडीच उरलेली नाहीत, म्हणून वरचे कापड विकत घ्यावे लागते. ते आम्ही एम. टी. क्लॉथ मार्केटातून, सीतलामाता बाजारातून किंवा धार जिल्ह्यातल्या बाग गावच्या छपाई करणाऱ्यांकडून आणतो. मुलगा आणि सून टोकियोच्या निशी-कासाई भागात राहतात, जिथे इतके भारतीय आहेत की तूरडाळीसाठी लांब जावे लागत नाही. त्यांच्याकडे जायचे नक्की झाल्यावर आमच्या मंडळींच्या फर्माइशींचा कागद व्हिसाच्या आधी माझ्या हातात पडला. कुणाला जपानी निळे कापड हवे होते, कुणाला बारीक सुया, आणि कुलकर्णी काकूंना ‘जे आपल्याकडे मिळत नाही ते काहीही’. या तिन्हींत सर्वांत शहाणी फर्माइश काकूंची होती, आणि पुढची सगळी खरेदी मी तिच्याच आधाराने केली.

फोनच्या नकाशात इंग्रजीत ‘क्विल्ट शॉप’, म्हणजे गोधडीच्या कापडाचे दुकान, असे लिहिले, तर टोकियोसारख्या अवाढव्य शहरातही मोजकीच आणि बहुधा महागडी दुकाने दिसतात. सुनेने मला ‘किजी’ म्हणजे कापड आणि ‘शुगेई’ म्हणजे हातकाम हे दोन शब्द जपानी लिपीत साठवून दिले, आणि ते टाकताच नकाशा ठिपक्यांनी भरला. त्यांतही निवड करावी लागते. शुगेईची दुकाने म्हणजे युझावाया किंवा शिंजुकूचे ओकादाया यांसारखी मोठी दुकाने, जिथे लोकर, मणी, सुया, बटणे आणि थोडे कापड असे सर्व काही एका छपराखाली मिळते. किजीची दुकाने ठाणांची, म्हणजे कापडाच्या अख्ख्या गुंडाळ्यांची. आपल्याला जायचे असते ते दुसऱ्या प्रकारच्या दुकानांकडे, आणि तेही जिथे त्या गावचे शिंपी आणि शिवणकाम शिकणारी मुले कापड घ्यायला येतात तिथे. हौशी लोकांसाठी सजवलेल्या दुकानात कापडाबरोबर सजावटीचेही पैसे मोजावे लागतात. हे टोकियोइतकेच इंदूरलाही खरे आहे.

निप्पोरीची पेठ मुळात उरलेल्या तुकड्यांच्या व्यापारातून उभी राहिली, हे कळल्यावर मला तिच्याविषयी अधिकच जवळीक वाटली. तैशो काळात, म्हणजे १९१२ ते १९२६ या वर्षांत, आसाकुसाच्या बाजूला कापडाच्या कातरणांचा धंदा करणारे व्यापारी इथे येऊन स्थिरावले आणि हळूहळू ठाणांचा व्यवहार वाढला. आमच्या सासूबाईंनी आयुष्यभर इंदूरच्या गिरण्यांचे कटपीस जोडून दुलया शिवल्या. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली, गिरण्यांचे भोंगे थांबले आणि ते कटपीसही संपले. निप्पोरीत मात्र दारातल्या टोपल्यांत गुंडाळून ठेवलेले, वर किंमत चिकटवलेले अर्ध्या-पाऊण मीटरचे तुकडे आजही मिळतात, आणि माझा अर्धा वेळ त्या टोपल्यांपाशी वाकूनच गेला.

या रस्त्यावरचे सर्वांत प्रसिद्ध दुकान ‘टोमॅटो’. त्याच्या एकाहून अधिक इमारती आहेत, त्यांतली मुख्य इमारत पाच मजली. शंभर येन मीटरच्या कापडासाठी हे दुकान ओळखले जाते. शंभर येन म्हणजे आपले साठ रुपये धरावेत, थोडे इकडे-तिकडे. अर्थात त्या भावात जे मिळते त्यात कृत्रिम धाग्याचे पुष्कळ असते. गोधडीला सुतीच हवे, म्हणून ठाणाच्या टोकाची चिठ्ठी फोनच्या कॅमेऱ्यासमोर धरून शंभर टक्के कापूस असल्याची खात्री केल्याशिवाय मी हात लावला नाही. सुती कापडाचा पन्हा बहुतेक ठिकाणी एकशे दहा सेंटिमीटरच्या जवळपास असतो, म्हणजे आपल्या चव्वेचाळीस इंचांइतकाच, त्यामुळे घरी केलेला हिशेब तिथे मोडत नाही. किंमत मीटरची लिहिलेली असते, पण मोठ्या दुकानांत दहा-दहा सेंटिमीटरच्या पटीत कापून देतात. पुष्कळ रंगांचे थोडे-थोडे कापड हवे असणाऱ्या आमच्यासारख्यांना याहून मोठी सोय नाही. घाऊक व्यापाऱ्यांकडे मीटरच्या खाली कापत नाहीत, आणि तिथे आग्रह धरण्यात अर्थही नाही.

कापून घेण्याची रीत पाहण्यासारखी आहे. गिऱ्हाईक स्वतः ठाण उचलून कापायच्या टेबलापाशी रांगेत उभे राहते. पलीकडचा मुलगा ठाण दोनदा उलगडतो, किनार टेबलाच्या कडेशी जुळवतो, तळहाताने सुरकुती काढतो आणि माप कागदावर लिहून आपल्याला दाखवतो. आपण मान हलवली की कात्री एका दमात या काठापासून त्या काठापर्यंत जाते. मग घडी, तिच्यावर टाचलेली चिठ्ठी, आणि पैसे दुसऱ्या खिडकीवर. आमच्या एम. टी. मार्केटात दुकानदार काठाला कात्रीची एक खूण देतो आणि कापड टर्रकन फाडून हातात ठेवतो. खरे सांगायचे तर गोधडीवालीच्या दृष्टीने आपली रीत अधिक चांगली, कारण फाडलेले कापड बाण्याच्या, म्हणजे आडव्या, धाग्याबरोबर सरळ जाते आणि चौकोन तिरके होत नाहीत. पण हे मी त्या मुलाला सांगू शकले नाही, आणि सांगितले असते तरी त्याने इतक्या निगुतीने जुळवलेली किनार सोडून कापड फाडले असते असे वाटत नाही.

एका लहान दुकानात मी सवयीने किंमत ऐकून “जरा बघा ना” अशा अर्थी मान तिरकी केली. सून हळूच म्हणाली, “आई, इथे घासाघीस करत नाहीत हो.” दुकानदार आजोबांना त्यातले काय समजले कोण जाणे, पण त्यांनी टोपलीतला एक निळा तुकडा उचलून पिशवीत टाकला. घासाघीस करत नसतील. वरकड मात्र देतात.

‘टोमॅटो’त वरच्या मजल्यांवर जसजसे चढावे तसतसे कापड उंची होत जाते. तिथे इंग्लंडच्या लिबर्टीचे फुलाफुलांचे तलम कापड होते, अमेरिकन क्विल्टिंगची छापील कापडे होती, आणि एका कोपऱ्यात आपलीच हातठशांची छपाई होती, घरच्या भावाच्या कित्येक पटींनी. तिथून मी पाय काढता घेतला. तिथल्या मालात खरे घेण्यासारखे वाटले ते आधी धागा रंगवून मग विणलेले कापड. बारीक चौकडे, तुटक रेघा, करडा, मातकट, चहाच्या रंगाचा तपकिरी अशा मंद छटांचे हे सुती कापड दोन्ही बाजूंनी सारखे दिसते, आणि रंग धाग्यातच असल्याने धुताना छपाईसारखा विटत नाही. योको साइतो यांच्यासारख्या जपानी क्विल्टकारांनी याच मंद रंगांची एक शैली जगभर पोहोचवली. आपल्या गोधडीला एवढे करडे रंग मानवतील का, अशी शंका मला होती. पण बागच्या लाल-काळ्या छापाशेजारी हा करडा चौकडा ठेवून पाहा. लाल रंग एकदम उठतो.

सुया आणि हत्यारांबाबतही जपानने निराशा केली नाही. हल्ली क्विल्टिंग करणाऱ्या सगळ्यांच्या हातात दिसणारे गोल पात्याचे कटर ओल्फा या ओसाकाच्या कंपनीने १९७९ मध्ये आणले. ते तिथे घेतले तर सामानाच्या मोठ्या बॅगेतच ठेवावे. हातातल्या बॅगेत ठेवले तर विमानतळावर काढून घेतील.

निप्पोरीला जायचे तर रविवार टाळावा, कारण त्या दिवशी बरीच दुकाने बंद असतात, आणि सकाळी दहाच्या आधी जाण्यातही हशील नाही. दुपारनंतर वेळ उरला तर दोन स्थानके मागे उएनोला यावे आणि टोकियो नॅशनल म्युझियममध्ये आशियाई कलांच्या इमारतीत शिरावे. वस्त्रे उजेडाने खराब होतात म्हणून ती आळीपाळीने मांडतात, त्यामुळे कोणते दिसेल हे नशिबावर आहे. एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, डच जहाजांतून नागासाकीला आपल्याकडचे छापील आणि रंगवलेले सुती कापड जात असे. जपानी लोक त्याला सारासा म्हणत आणि चहाच्या समारंभाची मौल्यवान भांडी त्यात गुंडाळून ठेवत. हिकोनेच्या ई या सरदार घराण्याने अशा कापडाचे सुमारे साडेचारशे तुकडे जमवले होते; तो संग्रह आता याच संग्रहालयाकडे आहे. मी गेले तेव्हा काचेमागे भारतीय छपाईचे कापड मांडलेले होते, मंजिष्ठासारखा लाल, बारीक पाने, आणि एका कडेला कुणीतरी फार सावकाश घातलेले टाके. आपल्याकडे हे कापड अंगावर जिरून गेले, फाटले, पोतेरे झाले. तिकडे त्याची वीतभर कातरणेही वहीत चिकटवून जपली.

त्यानंतर क्योतोला गेलो. शिजो रस्त्यावरच्या नोमुरा टेलर या दुकानात छान सुती कापड मिळते, पण निप्पोरी पाहून झाल्यावर तिथे फार रेंगाळावेसे वाटले नाही. रेंगाळले ते तोजी मंदिराच्या बाजारात. कोबो दाइशी या बौद्ध धर्मगुरूंच्या स्मरणार्थ दर महिन्याच्या एकवीस तारखेला मंदिराच्या आवारात हा बाजार भरतो, आणि जुने किमोनो तिथे ढिगाने असतात. किमोनोचे कापड सुमारे छत्तीस सेंटिमीटर पन्ह्याचे आणि बारा मीटर लांबीचे असते आणि ते सरळ रेषांतच कापतात; गळ्याचा, बगलेचा गोल काप त्यात नसतो. त्यामुळे शिवण उसवली की आयताकृती पट्ट्या जशाच्या तशा हाती येतात. जुन्या काळी किमोनो असाच उसवून, धुऊन, पुन्हा शिवत असत. कापड वाया न घालवणाऱ्या या अकलेला मी मनोमन हात जोडले.

ढिगातले रेशीम मोहात पाडते, पण घेण्यापूर्वी शिवणीजवळ दोन्ही अंगठ्यांनी ताणून पाहावे. जुने रेशीम वरून झळकते आणि ताण दिला की उभे चिरत जाते. गोधडीत ते एक हिवाळा टिकणार नाही. मी सुती युकाता घेतले, म्हणजे उन्हाळ्यात घालायचे साधे किमोनो, पांढऱ्यावर निळ्या नक्षीचे. एकाच्या काखेत ठिगळ होते. इतक्या बारीक टाक्यांचे की बोट फिरवल्यावरच कळले. ते मी मुद्दाम निवडले.

सामानाचा हिशेबही आधीच करून ठेवावा. मध्यम जाडीचे सुती कापड मीटरला दीडशे ग्रॅमच्या आसपास भरते, म्हणजे वीस मीटरला तीन किलो. मी गेले तेव्हा, पासपोर्ट जवळ असला आणि दुकान करमाफीच्या योजनेत असले तर पाच हजार येनांच्या वरच्या खरेदीवर परदेशी पाहुण्यांना दहा टक्के कर द्यावा लागत नव्हता. छोट्या दुकानांत ही सोय बहुधा नव्हती.

इंदूरला आल्यावर पहिले काम धुण्याचे. निळे कापड वेगळ्या बादलीत, पाणी नितळ येईपर्यंत, आणि मीठ-व्हिनेगरच्या भानगडीत न पडता, कारण त्याने पक्का नसलेला रंग पक्का होत नाही. यावर आमच्या मंडळींत अजूनही मतभेद आहेत. वाटणी मात्र बिनतक्रार झाली. ठिगळाचा युकाता कुलकर्णी काकूंनी मागून घेतला आणि त्यावरचे ठिगळ न काढता गोधडीच्या मध्यभागी बसवायचे ठरवले.

आता जोशी वहिनी मुलीकडे लंडनला निघाल्या आहेत. त्यांना मी लिहून दिले आहे की १८७५ साली सुरू झालेले लिबर्टी हे दुकान पाहायला जरूर जावे, जुन्या जहाजांच्या लाकडांतून उभारलेली ती इमारत डोळे भरून बघावी, तिथून हौस म्हणून एखादा तुकडा घ्यावा, आणि मीटरने घ्यायचे कापड शेपर्ड्स बुशजवळच्या गोल्डहॉक रोडवर घ्यावे. तिथे घासाघीस चालते म्हणतात. वहिनींना एवढेच ऐकायचे होते.