हाताचा चाळा

फोनवर पलीकडचा माणूस लांबण लावतो. आपण "हो, हो" करत हाताशी असलेल्या कागदावर पेन टेकवतो. आधी एक चौकोन, मग त्याला मागून दुसरा जोडून खोका, मग खोक्याच्या एका अंगाला तिरप्या रेघा. फोन ठेवल्यावर कळतं, की लिहून घेतलेला नंबर त्या रेघांखाली गाडला गेलाय. इंग्रजीत याला 'डूडल' करणं म्हणतात.

मराठीत शब्द शोधायला गेलं की पंचाईत. 'रेखाटणे' म्हटलं तर माणूस लगेच चित्रकार होतो. 'गिरवणे' हे शहाण्या मुलाचं काम. 'गिरगटणे' बरंच जवळ येतं, पण त्यात रागावणं आहे: काय गिरगटून ठेवलंयस हे! 'रेघोट्या मारणे'मध्ये रिकामटेकडेपणाचा आरोप. डूडल करणारा रिकामा नसतोच. डोकं गुंतलेलं असतं, हाताला तेवढा त्यात वाटा मिळालेला नसतो. 'चाळा' मला पटतो, पण चाळा पेनाच्या टोपणाशीही करता येतो.

इंग्रजी शब्दाचं कूळही फार मोठं नाही. सतराव्या शतकात 'डूडल' म्हणजे बावळट माणूस. रेघांशी त्याची गाठ विसाव्या शतकात पडली आणि 1936च्या 'मिस्टर डीड्स गोज टु टाउन' या चित्रपटाने हा अर्थ घरोघरी नेला. त्यात भर कोर्टात नायक न्यायाधीशांनाच सांगतो, की तुम्ही 'ओ' अक्षराची पोकळी भरत बसता!

हे क्रियापद वापरताना एक पथ्य मात्र पाळावं. "मी डूडल करायला बसलो" हे वाक्य मला "मी डुलकी लागायला बसलो" इतकंच विचित्र वाटतं. वर्तमानपत्रातल्या फोटोला मिशा काढणं हेही डूडल नव्हे. तिथे हेतू स्वच्छ असतो. गूगलच्या मुखपृष्ठावरची आखीवरेखीव चित्रं तर नावापुरतीच डूडल. रवींद्रनाथांच्या हस्तलिखितांत खोडलेल्या ओळी एकमेकींना जुळत पक्षी आणि श्वापदं झाल्या. तिथे हात कुठवर भटकत होता आणि चित्रकार कधी जागा झाला, कोण सांगणार?

अस्सल उदाहरण गणितज्ञ स्टानिस्लाव उलाम यांचं. 1963 साली एका कंटाळवाण्या व्याख्यानात त्यांनी कागदावर 1, 2, 3 असे आकडे गोगलगाईच्या शंखासारखे गुंडाळत लिहिले, मूळ संख्यांना गोल केले, आणि पाहतात तर त्या तिरप्या रांगांत उभ्या! मानसशास्त्रज्ञ जॅकी अँड्रेड यांनी 40 जणांना अडीच मिनिटांचा एक रटाळ निरोप ऐकवला; निम्म्यांना ऐकताना छापील आकृत्या रंगवायला दिल्या होत्या. त्यांना इतरांपेक्षा 29 टक्के जास्त आठवलं. सांगून करवलेलं डूडल म्हणजे अर्धी फसवणूकच, पण निकाल आपल्या बाजूचा आहे, तेव्हा चालवून घेऊ.

मध्यंतरी मी एक शब्द जुळवला: 'रेघाळणे'. रेघ आणि रेंगाळणे, दोन्ही एकात. एका लांबलेल्या बैठकीत शेजारच्या मित्राच्या कानात तो सांगितला. त्याने मान डोलावली, वहीच्या कोपऱ्यात शब्द लिहून घेतला आणि समोरचं बोलणं ऐकता ऐकता ळची दोन्ही पोटं भरत बसला.