हबेशांच्या देशात : इथिओपियाचे बारा दिवस

खुलताबादला मलिक अंबरच्या मकबऱ्यावर मी लहानपणापासून जातो. ज्याने १६१० मध्ये खडकी, म्हणजे आमचं आजचं छत्रपती संभाजीनगर, वसवलं आणि शहरात नहरीचं पाणी खेळवलं, त्याला आम्ही ‘हबशी’ म्हणत आलो. राजधानी अदिस अबाबात उतरलो तेव्हा टॅक्सीवाला छातीवर हात ठेवून म्हणाला, “मी हबेशा.” तोच शब्द, पण केवढ्या अभिमानाने! पुढे कळलं की सगळेच स्वतःला हबेशा म्हणवत नाहीत. ओरोमो लोक आपली ओळख वेगळी सांगतात, तेव्हा समोरच्याला आधी विचारावं.

निघण्याआधी पीतज्वराची लस घ्या, तीही किमान दहा दिवस आधी. परतताना आपल्याच विमानतळावर तिचं प्रमाणपत्र मागतात. मुंबईहून अदिसला थेट विमान आहे. आफ्रिका म्हणून नुसते सुती कपडे भरू नका. अदिस समुद्रसपाटीपासून २३०० मीटरहून उंचावर आहे. रात्री स्वेटर लागतो आणि पहिल्या दिवशी जिना चढतानाही धाप लागते.

घड्याळाचं मात्र नीट समजून घ्या. इथे तास सूर्योदयापासून मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. मी गाडी सातला सांगितली, ती आली दुपारी एकला, आणि चालकाच्या हिशेबाने तो अगदी वेळेवर होता. तेव्हापासून मी प्रत्येक वेळी ‘हबेशा वेळ की परदेशी वेळ?’ असं विचारत गेलो. विमानांच्या वेळा आपल्यासारख्याच असतात. वर्ष तेरा महिन्यांचं : तीस-तीस दिवसांचे बारा आणि पाच किंवा सहा दिवसांचा तेरावा. सन आपल्या इसवी सनाच्या सात-आठ वर्षं मागे. पंचांगात सूर्योदयापासून वार मोजणाऱ्या आणि शकही सांभाळणाऱ्या आपल्याला हे जड जाऊ नये.

शाकाहारी माणसाची इथे उपासमार होईल अशी भीती घरच्यांना होती. झालं उलटंच. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोक बुधवारी, शुक्रवारी आणि ईस्टरच्या आधी सलग ५५ दिवस उपास करतात. त्या दिवसांत मांस, दूध, अंडी सगळं वर्ज्य. हॉटेलात ‘ये-त्सोम बेयायनेतु’ मागा. परातीएवढ्या आंबट, जाळीदार इंजेरावर मसूर, बेसनासारखं शिरो, पालेभाजी, बीट असं सगळं वाढून येतं. इंजेरा टेफ नावाच्या बारीक धान्याच्या आंबवलेल्या पिठाचा. आंबोळी आवडणाऱ्याला पहिल्याच घासाला आवडेल. सगळे एकाच परातीतून जेवतात, आणि यजमान आपल्या हाताने तुमच्या तोंडात घास भरवतो. त्याला गुर्शा म्हणतात. नको म्हणू नका. जेवणानंतर बुन्ना, म्हणजे कॉफी : समोर भाजलेली, मातीच्या जेबेनात उकळलेली, तीन फेऱ्यांत दिलेली, सोबत लाह्या. तिसरी फेरी आशीर्वादाची. ती होईपर्यंत उठणं बरं दिसत नाही.

लालिबेला या गावासाठीच मी गेलो होतो, असं म्हटलं तरी चालेल. अकरा चर्च, सगळी खडकात कोरलेली. परंपरेने ती बाराव्या-तेराव्या शतकातल्या लालिबेला राजाची मानतात. बेत गियोर्गिसच्या काठावर उभा राहिलो आणि खाली पाहिलं. वरून खाली खोदत नेलेलं, क्रुसाच्या आकाराचं, एकसंध दगडाचं चर्च. वेरूळच्या कैलासाचा कळस आपण डोंगरावरून पाहतो, अगदी तसंच. कैलास आठव्या शतकातला, धर्म वेगळा, मध्ये समुद्र. पण दोन्हीकडे ज्वालामुखीचाच खडक, आणि चुकलेला घाव भरून काढायची सोय दोन्हीकडे नाही. मला बराच वेळ बोलवेना. आत चपला काढाव्या लागतात. जाड मोजे घाला, कारण गालिच्यांत पिसवा असतात. बोगद्यांसाठी विजेरी न्या. लालिबेला ज्या अम्हारा प्रदेशात आहे, तिथे २०२३ पासून लष्कर आणि सशस्त्र गटांच्या चकमकी होत आल्या आहेत, म्हणून निघण्याआधी सरकारी सूचना वाचा आणि रस्त्याने न जाता विमानानेच जा.

अदिसच्या संग्रहालयात ३२ लाख वर्षांपूर्वीची ‘लुसी’, म्हणजे मानवाच्या पूर्वजाचा सांगाडा, आहे. तिथले लोक तिला दिन्किनेश म्हणतात. अडुवाच्या लढाईची आठवण तर प्रत्येक जण काढतो : १ मार्च १८९६ रोजी सम्राट मेनेलिकच्या सैन्याने इटलीला हरवलं. पुढे १९३६ ते १९४१ इटलीने देश व्यापला, तो सोडवायच्या लढाईत आपले हिंदी जवानही होते.

शेवटचे तीन दिवस हरारला ठेवले. दिरे दावापर्यंत विमान, पुढे गाडीने तास-दीड तास. मलिक अंबर हरारच्या बाजूचाच होता असं मानतात. इथूनच कुठून तरी तो गुलाम म्हणून विकला गेला आणि फिरत फिरत दख्खनला आला. तटबंदीच्या आत ८२ मशिदी, निळ्या-हिरव्या भिंतींच्या अरुंद गल्ल्या, पाच जुन्या वेशी. गावातला वाटाड्या नक्की घ्या, गल्ल्या फसवतात. रात्री वेशीबाहेर तरसांना हाताने मांस भरवतात, ते लांबूनच पाहा.

मी वाटाड्याला फोनमधला खुलताबादच्या मकबऱ्याचा फोटो दाखवला. कोणाचा आहे ते सांगितलं. त्याने फोन हातात घेतला, घुमट मोठा करून पाहिला, आणि गल्लीतल्या म्हाताऱ्यांना एकेक करून दाखवत सुटला.