उद्यासाठी अर्धं वाक्य

सोमवार, रात्र

कादंबरी लिहायला वेळ मिळत नाही, असं सगळेच म्हणतात. हिशोब मांडला तर तो इतका अवघड निघत नाही. डेमी आकाराच्या छापील पानावर साधारण २५० ते ३०० शब्द बसतात, म्हणजे दोनशे पानांची कादंबरी पन्नास-साठ हजार शब्दांची. रोज ३०० शब्द आणि आठवड्याचे सहा दिवस धरले तर आठवड्याला १८०० होतात. चौतीस आठवड्यांत एकसष्ट हजार. पाडव्याला बसलं तर दिवाळीनंतर महिन्याभरात पहिला खर्डा हातात येतो. ३०० शब्द म्हणजे फुलस्केपचं जेमतेम एक पान. हात बसलेल्या माणसाला पाऊण तास लागतो, नव्याला तास-सव्वा तास.

मग घोडं अडतं कुठे? माझ्या मते लिहिण्यात अडतच नाही, अडतं ते परत आत शिरण्यात. काल कोण कुठे उभं होतं, कुणाला काय माहीत होतं आणि काय नव्हतं, बोलणं कुठल्या सुरात चाललं होतं, हे सगळं पुन्हा अंगात भिनावं लागतं. एका रात्रीचा खंड असेल तर दहा मिनिटांत भिनतं. तीन दिवस गेले की अख्खी बैठक त्यातच जाते. पंधरा दिवस गेले की माणूस पहिल्या पानापासून वाचायला घेतो, वाचता वाचता दुरुस्त्या करू लागतो, आणि पहिलं प्रकरण चौथ्यांदा लिहून होतं. एकतिसावं पान काही उगवत नाही. रोज लिहावं म्हणतात त्याचं खरं कारण हे आहे. रोज बसणाऱ्याला आत शिरण्याची किंमत सगळ्यात कमी मोजावी लागते.

एकोणिसाव्या शतकातला इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रॉलप पोस्टखात्यात नोकरी करायचा. पहाटे साडेपाचला टेबलाशी बसायचा, समोर घड्याळ ठेवायचा आणि पाव तासाला २५० शब्द झालेच पाहिजेत असा दंडक स्वतःला घालून घ्यायचा. हा आकडा सगळीकडे सांगितला जातो. त्याच्या आत्मचरित्रातली दुसरी गोष्ट मला त्याहून मोलाची वाटते. रोजच्या तीन तासांतला पहिला अर्धा तास तो आदल्या दिवशीचा मजकूर वाचण्यात घालवायचा, शब्द कानानं जोखत. इतका भराभर लिहिणारा माणूससुद्धा आत शिरायला अर्धा तास राखून ठेवत होता. तासभरच मिळणाऱ्यानं दहा मिनिटं तरी ठेवावीत. फक्त कालचं पान वाचायचं, परवाचं नाही. शुद्धलेखनाची चूक दिसली तर सुधारायची, वाक्य बदलावंसं वाटलं तर समासात फुली मारून पुढे जायचं. ही फुली फार उपयोगाची आहे. मनाला पटतं की काम विसरलेलं नाही, आणि हातही अडकत नाही.

मंगळवार

आजची नोंद एकाच गोष्टीची. दृश्य पूर्ण करून उठू नये.

पूर्ण करून उठलं की बरं वाटतं, पण दुसऱ्या दिवशी समोर कोरं पान येतं आणि कुठून सुरुवात करावी हा प्रश्न येतो. त्यापेक्षा पुढचं वाक्य डोक्यात स्वच्छ दिसत असताना मध्येच थांबावं. वहीत शेवटची ओळ अशी राहू द्यावी: ‘इंदूनं घागर खाली ठेवली आणि वर बघितलं, तर माडीच्या खिडकीत’. बस. पूर्णविरामही नको. खिडकीत कोण आहे हे ठाऊक आहे, पण लिहायचं नाही. सकाळी पहिले आठ-दहा शब्द विचार न करता उतरतात आणि तेवढ्यात हात चालू होतो. ओळीखाली पेन्सिलीनं आणखी दोनच शब्द टाकायचे: ‘काकू. पत्र.’ उद्याच्या दृश्याला एवढी चावी पुरते. मोठी टिपणं काढली तर दृश्याचा जोर टिपणातच संपतो.

गुरुवार

कादंबरीच्या जोडीला दुसरी वही हवी, शंभरपानी साधी वही चालेल. तिच्या पहिल्या पानावर हजेरी मांडायची: तारीख, बसण्या-उठण्याची वेळ, शब्द, आणि शेवटच्या रकान्यात कथेची एक ओळ. ‘१४ जून, ५:५० ते ६:४५, ३१२, आप्पांना पत्राचं अजून कळलेलं नाही.’ महिन्याभरानं हे पान वाचलं की आपला हात कधी चालतो ते स्वच्छ दिसतं. पहाटेचे ३०० आणि रात्रीचे १४० असा फरक दिसला की कुठली वेळ धरायची हा वाद उरत नाही.

दुसऱ्या पानावर भाषेचे नियम लिहायचे. मराठीत लिहिणाऱ्याला हे फारच लागतं. एक दिवस ‘तिनं दार उघडलं’ असं लिहून होतं, दुसऱ्या दिवशी काहीतरी जुनं वाचून बसलं की ‘तिने दार उघडले’ येतं, आणि तिसऱ्या दिवशी ‘ती दार उघडते’. प्रत्येक वाक्य आपल्या जागी बरोबर, पण तीन दिवसांचे तीन निवेदक झाले. साठ हजार शब्दांत हे मागाहून निस्तरायला महिना जातो, कारण अनुस्वार बदलला की वाक्याची लयही बदलते. म्हणून पहिल्याच आठवड्यात ठरवून लिहून ठेवावं: निवेदन भूतकाळात, वळण ‘केलं-गेलं’चं. त्याखाली कोण कुणाला काय म्हणतं ते. इंदू सासऱ्यांना ‘मामंजी’ म्हणते, नवऱ्याचं नाव घेत नाही. काकू इंदूला ‘अगं’ म्हणतात, चिडल्या की ‘सूनबाई’. नवव्या प्रकरणात ‘मामंजी’चे ‘बाबा’ झाले तर ते आपल्याला दिसणार नाही, वाचकाला मात्र लगेच दिसेल.

तिसऱ्या पानावर सनावळी आणि वयं. इंदूचा जन्म १९३९ चा, म्हणजे पानशेतच्या पुराच्या वेळी ती बावीस वर्षांची. हे एकदा लिहिलं की रोज बोटं मोजावी लागत नाहीत.

आता पानशेतचा विषय निघालाच आहे तर माहिती शोधण्याबद्दलही लिहिते, कारण सवय मोडणारा सगळ्यात मोठा चोर तिथेच दडलेला असतो. १२ जुलै १९६१, बुधवार. पानशेतचं धरण फुटलं, त्या लोंढ्यानं खडकवासल्याचंही गेलं आणि पुण्यातल्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली आल्या. इंदू नारायण पेठेतल्या वाड्याच्या माडीवर उभी आहे, खाली जिना बुडतो आहे. किती पायऱ्या बुडाल्या? पाणी त्या गल्लीत नेमकं किती वाजता शिरलं? लिहिणारा मोबाइल उचलतो. दीड तासानं त्याच्याकडे पुराची भरपूर माहिती असते आणि कागदावर चाळीस शब्द. अशा वेळी ओळीतच कंस करून ‘पाहा: किती वाजता’ असं लिहावं आणि पुढे जावं. संगणकावर नंतर ‘पाहा’ हा शब्द शोधला की सगळ्या जागा एका झटक्यात सापडतात. वहीत लिहिणाऱ्यानं लाल पेन्सिल वापरावी. हे सगळे कंस भरायला शनिवारची दुपार ठेवायची, लिहिण्याची वेळ त्यासाठी खर्चायची नाही.

सगळीच माहिती अशी पुढे ढकलता येत नाही, हेही खरं. पायऱ्यांची संख्या नंतर चालते. पण शहराला पाणी खडकवासल्याहून यायचं, धरण गेलं आणि नळ कोरडे पडले, वाड्यांच्या विहिरींवर रांगा लागल्या, ही गोष्ट आधीच हवी. कारण इंदू घागर घेऊन बाहेर पडते ती त्यामुळेच, आणि काकूंशी गाठ पडते तीही तिथेच. तसंच पैशांचं. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ ला आली. १९६१ मध्ये लोकांच्या तोंडी आणेही होते आणि नवे पैसेही. सासरे आण्यांत हिशोब करतात, धाकटा दीर नव्या पैशांत, म्हणजे प्रत्येक संवादाला त्याचा रंग चढतो. माझी कसोटी साधी आहे. ती माहिती बदलली तर पात्राचं वागणं किंवा बोलणं बदलेल का? बदलणार असेल तर दृश्याला हात घालण्यापूर्वी शोधावी. नुसता रंगकामापुरता तपशील असेल तर कंसात जाऊ द्यावा.

शुक्रवार

साधनांबद्दल थोडक्यात. टंकलेखन करायचं तर युनिकोडमध्येच करावं. जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमधली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की अगम्य अक्षरं दिसतात, आणि तिच्यात मराठी शब्द शोधताही येत नाही. कळफलक शक्यतो इनस्क्रिप्ट. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं अशी त्याची मांडणी सोपी आहे; रोज वीस मिनिटं दिली तर तीन-चार आठवड्यांत बोटं बसतात. रोमन अक्षरांतून मराठी टंकताना प्रत्येक शब्दापाशी यंत्र पर्याय पुढे करतं, त्यातला निवडताना वाक्य हातून सुटतं. बोलून टंकणं संवादांना छान जमतं, पण विरामचिन्हं नंतर भरावी लागतात, आणि त्यात वाचलेला वेळ परत जातो.

लोकलच्या प्रवासात लिहावं का? विरार ते चर्चगेट बसायला जागा मिळाली तरी दृश्य लिहू नये असं मला वाटतं. स्टेशनागणिक माणूस बाहेर येतो आणि परत आत शिरण्याची किंमत दर वेळी नव्यानं मोजतो. त्या वेळात कानावर पडलेलं बोलणं टिपावं, पात्रांची वाक्यं मनात घोळवावीत. घरच्या टेबलावरचा तास त्यानं सोपा होतो.

रविवार

खाडे पडणारच. घरी गणपती बसतात, दिवाळी असते, मार्चअखेर असते, पाहुणे येतात, मूल तापानं फणफणतं. अशा दिवसांसाठी वेगळा आकडा आधीच ठरवलेला असावा: पन्नास शब्द, किंवा काल सोडलेलं अर्धं वाक्य पूर्ण करून नवं अर्धं वाक्य सोडणं. पाच मिनिटांचं काम आहे, पण आतलं दार उघडं राहतं. एक दिवस सुटला तर सुटू द्यावा, लागोपाठ दुसरा सुटू देऊ नये. आणि कालची थकबाकी आज वसूल करायला जाऊ नये. सहाशेचं ओझं घेऊन बसणारा दीडशेवर दमतो, मग तिसऱ्या दिवशी साडेसातशेची बाकी दिसते आणि तो टेबलाकडे फिरकतच नाही. हजेरीत शून्य लिहावं आणि पुढच्या ओळीत नेहमीचे ३००.

पहिल्या सत्तरेक पानांनंतर एक वेगळाच खाडा येतो, त्याचा वेळेशी संबंध नसतो. सुरुवातीची दृश्यं वर्षानुवर्षं मनात घोळलेली असतात, ती संपतात. शेवटही अंधूक दिसत असतो. मधलं मात्र कुणी आधी पाहिलेलंच नसतं. इथे लोक नवी पात्रं आणतात, आणि ती सांभाळताना जुनी निस्तेज होतात. हातात पुढच्या पाच दृश्यांची यादी असेल तर हा पट्टा पार होतो. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर एकेक दृश्य आणि चारच ओळी: कोण, कुठे, त्याला काय हवंय, काय बिघडतं. नऊशे शब्दांचं एक दृश्य धरलं तर अख्ख्या कादंबरीत पासष्ट-सत्तर दृश्यं होतात, आणि एक दृश्य तीन दिवसांचं काम. सगळी कार्डं पहिल्या दिवशी लिहू नयेत. पाच पुढे, त्यातलं एक संपलं की शेवटी एक नवं. चौथी ओळ रिकामी राहिली तर ते दृश्य अजून लिहायला तयार नाही असं समजावं. तीन दिवस त्यावर डोकं आपटण्यापेक्षा ते कार्ड खाली सरकवून पुढचं घ्यावं.

कुणीतरी वाट पाहत असणं याचा फार आधार होतो. १८९० मध्ये हरी नारायण आपट्यांनी ‘करमणूक’ साप्ताहिक सुरू केलं आणि त्यातून कादंबऱ्या क्रमशः दिल्या. आठवडा संपला की पुढचा मजकूर हवाच, हा तगादा कायम त्यांच्या मागे होता. आपल्याला साप्ताहिक नसतं, पण एक श्रोता मिळू शकतो: बहीण, मित्र, शेजारच्या निवृत्त बाई. दर रविवारी सहा पानं वाचून दाखवायची. कसं वाटलं हे मात्र विचारू नये. मत मिळालं की मागचं बदलण्याची ऊर्मी येते आणि पुढचं थांबतं. ‘आता पुढे काय होईल?’ एवढंच विचारावं. ऐकणाऱ्यानं अंदाज केला तर कथा पोहोचते आहे. त्याला काहीच सांगता आलं नाही तर गेल्या आठवड्यात कुठेतरी धागा सुटला आहे, आणि तो बहुतेक त्या चौथ्या ओळीतच सापडतो.

पहिला खर्डा संपल्यावर तो सहा आठवडे बाजूला ठेवावा, पण रोजची वेळ सोडू नये. त्या तासात दुसरं काही लिहावं, शनिवारचे उरलेले ‘पाहा’ भरावेत, नाहीतर काकूंचं ते पत्र पूर्ण लिहून काढावं, कादंबरीत त्याच्या दोनच ओळी आल्या असल्या तरी. मग ए-फोर कागदावर एका बाजूला, १४ पॉइंटमध्ये, दीडपट अंतर सोडून छापून घ्यावा. साधारण दोनशे कागद होतात. हातात पेन न घेता तो चार बैठकांत सलग वाचावा. पाचव्या दिवशी पेन्सिल घ्यावी, आणि समासातल्या जुन्या फुल्यांपासून सुरुवात करावी. त्यांतल्या निम्म्या फुल्या कशासाठी मारल्या होत्या ते तेव्हा आठवतही नाही. त्या खोडरबरानं पुसून टाकायच्या.