करमतं का वं तुले तठी?

आमच्या घरी फोनवर पहिला प्रश्न असतो, "जेवली का वं?" आणि दुसरा, "करमतं का वं तुले तठी?", म्हणजे तुला तिथे करमतं का. पहिल्याचं उत्तर मी नेहमी खरं दिलं. दुसऱ्याला तीन वर्षं "हो, करमतं की" म्हणत राहिले. त्यातलं तिसरं वर्ष निव्वळ खोटं होतं.

मी जळगाव जिल्ह्यातल्या रावेर तालुक्यातली. घरामागे केळीचा बाग, समोर रस्ता, रस्त्यापलीकडे पुन्हा केळी आणि उत्तरेला सातपुडा. आता फिनलंडमधल्या ओउलु शहरात राहते. शहर समुद्राकाठी आहे, पण जानेवारीत तो समुद्र गोठतो आणि लोक त्यावर फिरायला जातात. हा माझा इथला सातवा हिवाळा. तुमचं नवं वर्ष माझ्या साडेतीन तास आधी लागतं, त्यामुळे ३१ तारखेच्या संध्याकाळीच तुमचे मेसेज सुरू झाले, "सुखाचं, समृद्धीचं, आरोग्याचं जावो." आरोग्य म्हटलं की आपण साखर, बीपी, वजन आणि गुडघे मोजतो. यंदा मात्र मी त्या तिसऱ्या हिवाळ्याबद्दल लिहायचं ठरवलं.

आधी उन्हाचं सांगते. खान्देशात आपण जन्मभर उन्हापासून पळतो. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या पुढे गेला की दुपारी रस्ते ओस पडतात. डोक्याला रुमाल, खिशात कांदा, खिडक्यांना ओले पडदे. ऊन नाही म्हणून माणूस आजारी पडू शकतो, असं तेव्हा कुणी म्हटलं असतं तर माझा विश्वास बसला नसता.

ओउलुत २१ डिसेंबरला सूर्य सकाळी साडेदहाच्या सुमारास उगवतो आणि दुपारी दोन वाजून गेले की मावळतो. साडेतीन तासांचा दिवस. त्याच दिवशी रावेरला जवळजवळ अकरा तास उजेड असतो. बरं, इथला सूर्य त्या साडेतीन तासांतही क्षितिजाला घासत जातो, झाडांच्या शेंड्यावर येतच नाही. ढग असले तर आठ-आठ दिवस दिसत नाही. इथून आणखी उत्तरेला गेलं की तो उगवायचाच थांबतो. त्या काळोखी दिवसांना इथले लोक 'कामोस' म्हणतात.

पहिले दोन हिवाळे नवलाईत गेले. तिसऱ्या वर्षी ऑक्टोबरच्या शेवटी सुरू झालं. दहा-अकरा तास झोपले तरी उठताना अंग शिशासारखं जड. भूक वाढली, आणि तीही भाताची, पावाची, गोडाची. डिसेंबरपर्यंत माझं सहा किलो वजन वाढलं. फोन वाजला की वाजणारा फोन बघत बसायचे, उचलायचे नाही. रडू मात्र येत नव्हतं. हे मुद्दाम सांगते, कारण दुःखी माणूस रडतो अशी माझी समजूत होती. मला काहीच होत नव्हतं. तव्यावर भाकरी टाकली की ती फुगते का हे बघायला मी लहानपणापासून चुलीशी वाकते. त्या हिवाळ्यात भाकरी टाकायचे आणि भिंतीकडे बघायचे.

मी याला आळस म्हटलं. रात्री-अपरात्री वीज आली की मोटर सुरू करायला बागेत जाणाऱ्या माणसांत मी वाढले. आमच्याकडे आळशी म्हणण्यापेक्षा शिवी दिलेली परवडते. मग १ जानेवारीचा संकल्प केला: पाचला उठायचं, पळायला जायचं, भात बंद. चौथ्या दिवशी तो मोडला आणि आधीच्या जडपणावर त्याची लाज चढली. नव्या वर्षाचे संकल्प मोडले म्हणून स्वतःला बोल लावणाऱ्यांना माझं मनापासून सांगणं आहे, की आधी अंगात त्राण का नाही ते शोधा.

हे सगळं बाहेर पडलं ते एका जुन्या चालीमुळे. इथे वर्षाच्या शेवटच्या रात्री घोड्याच्या नालाच्या आकाराचं कथिल पळीत वितळवतात आणि थंड पाण्याच्या बादलीत ओततात. पाण्यात त्याचा जो वेडावाकडा गोळा होतो तो मेणबत्तीसमोर धरायचा आणि भिंतीवरच्या सावलीवरून पुढचं वर्ष सांगायचं. पूर्वी त्यात शिसं असायचं, २०१८ पासून तसं कथिल विकायला बंदी आहे. माझा संकल्प मोडल्याला आठवडा झाला असेल. ऑफिसातली मैत्रीण घरी आली, ३१ च्या रात्री तिच्याकडे ओतलेला माझा गोळा घेऊन. त्या रात्री मी लवकर निघून आले होते. तिनं मेणबत्ती लावून सावली पाडली. तिला त्यात जहाज दिसलं. मला केळीचा घड दिसला. खालच्या फण्या, वाकलेला दांडा, सगळं. आणि मी रडायला लागले ते अर्धा तास थांबले नाही.

तिनं कारण विचारलं नाही. "उद्या नर्सकडे जाऊ," एवढंच म्हणाली.

इथे कर्मचाऱ्यांच्या आरोग्याची सोय करणं मालकावर कायद्यानं बंधनकारक आहे, त्यामुळे जाणं सोपं होतं. नर्सनं गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारलं. किती दिवस कशातच रस वाटला नाही? झोप कशी? खाणं? स्वतःला कमी लेखणं? मरणाचे विचार? तिच्या इंग्रजी प्रश्नांना मी इंग्रजीत उत्तरं दिली, आणि शेवटी मला नेमकं काय होतंय ते सांगायला शब्दच सापडेना. करमत नाही, हे कसं सांगायचं? मी म्हटलं, आमच्या भाषेत एक शब्द आहे, मनाला कुठे बसायला जागा मिळत नाही तेव्हा वापरतो. तिनं पेन ठेवलं आणि म्हणाली, मग तुम्ही इथे यायला उशीर केलात.

आधी रक्त तपासलं. थायरॉइड ठीक निघालं, बी-१२ कमी होतं. आपल्याकडच्या शाकाहारी घरांनी हे लक्षात ठेवावं: बी-१२, हिमोग्लोबिन, थायरॉइड यांतलं काही बिघडलं तरी थकवा येतो, मन खचतं. मनाची तक्रार घेऊन गेलं तरी चांगला डॉक्टर आधी हे बघतो. पण माझं सगळं बी-१२ वर भागणारं नव्हतं. मला हिवाळी नैराश्य होतं.

हा आजार १९८४ साली नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत पहिल्यांदा नीट वर्णन करून मांडला. रोझेन्थाल दक्षिण आफ्रिकेतून आलेले. तिथल्या उन्हातून अमेरिकेच्या हिवाळ्यात आल्यावर त्यांना स्वतःतच बदल जाणवला होता. हे वाचलं तेव्हा मला फार धीर आला. आपल्यासारखाच उन्हाच्या मुलखातून आलेला माणूस, आणि त्यानं त्याला आळस म्हटलं नाही. आपल्या मेंदूत डोळ्यांमागे शरीराचं घड्याळ असतं, ते रोज सकाळच्या उजेडावर लावलं जातं. उजेड आला नाही की ते भरकटतं, झोप-भूक-उत्साह सगळ्याची वेळ चुकते. नेहमीच्या नैराश्यात बहुतेकांची झोप उडते आणि अन्न जात नाही. या हिवाळी प्रकारात अनेकदा उलटं होतं, म्हणून घरच्यांना तो आजार वाटत नाही.

मला रोज सकाळी अर्धा तास दिव्यासमोर बसायला सांगितलं. १०,००० लक्सचा पांढरा दिवा, हातभर अंतरावर, त्याच्याकडे टक लावायची नाही, चहा पीत बसायचं. घरातल्या ट्यूबलाइटचा उजेड दोन-तीनशे लक्स असतो, त्यावरून अंदाज करा. डोळ्यांचा आजार असेल किंवा कधी अती उत्साहाचे झटके येऊन गेले असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा दिवा वापरायचा नाही. सोबत दर आठवड्याला समुपदेशन, आणि त्या वर्षी गोळ्याही. गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागले. बंद करतानाही डॉक्टरांनी सांगितलं तशा हळूहळू केल्या.

नातेवाइकांनी तेव्हा "डी-३ ची पावडर घे" असं बरंच सांगितलं. डी जीवनसत्त्व हाडांना लागतंच. इथे तर २००३ पासून दुधातच घालतात. पण अमेरिकेत पन्नाशीपुढच्या १८ हजारांहून जास्त लोकांना पाच वर्षांच्या आसपास डी ची किंवा औषध नसलेली नुसती गोळी देऊन पाहिलं, आणि डी मुळे नैराश्य टळलं नाही, असं २०२० मध्ये प्रसिद्ध झालं. मेडिकलमधून ६० हजार युनिटच्या पुड्या आणून आपल्या मनानं दर आठवड्याला महिनोन् महिने घेऊ नका. रक्तातलं कॅल्शियम वाढून मूत्रपिंडावर येतं.

"जगातल्या सगळ्यात सुखी देशात राहून तुला कसलं दुःख?" हेही ऐकलं. २०१८ पासून त्या यादीत फिनलंड सलग पहिला येतोय, खरं आहे. पण त्यात लोकांना विचारतात ते असं: शून्य ते दहा पायऱ्यांच्या शिडीवर तुमचं आयुष्य कितव्या पायरीवर आहे? दवाखाना, शाळा, पगार, भरवसा, हे सगळं असलेला माणूस वरची पायरी सांगतो. मीही सांगितली असती. आठवी पायरी, आणि तिथे बसून भिंतीकडे बघणं.

घरी सांगायला मला तीन आठवडे लागले. आईनं व्हिडिओ कॉलवरच मीठ-मिरची ओवाळली, तिकडे चुलीत टाकली आणि मिरचीचा ठसका लागला नाही म्हणून "लई नजर होती" म्हणाली. मला त्या दिवशी ते औषधाइतकंच लागलं. आप्पा मागे बसले होते. त्यांनी विचारलं, "उजेड किती तास असतो तठी?" मी म्हटलं, डिसेंबरात साडेतीन. ते बराच वेळ बोलले नाहीत.

रात्रीचा पारा १० च्या खाली गेला की केळीचं काय होतं हे आमच्याकडच्या पोरांना सांगावं लागत नाही. वाढ थांबते, पानं पिवळी पडतात, नव्या पानाचा पोगा अडकतो. त्या रात्री आप्पा बागेला पाणी सोडतात, बांधावर काडीकचरा पेटवून धूर करतात, घडांना पिशव्या घालतात. त्या दिवशी ते मला म्हणाले, "पोगा अडकला म्हनून केळीले कोनी शिव्या देतं का? धूर करतो, पानी देतो. तो डॉक्टर सांगतो तसं कर." माझ्या अख्ख्या आयुष्यात आप्पा माझ्या मनाबद्दल इतकं बोलले नव्हते.

आता तुमच्याकडे उजेड भरपूर आहे, पण तो मिळतो का, हे बघा. जानेवारीत सकाळी नऊला अंगणात बाजेवर बसून डाळ निवडणाऱ्या बाईला माझ्या दिव्यापेक्षा जास्त उजेड मिळतो, आणि वर शेजारीण मिळते. शेतातल्या भरीत पार्टीत कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायची, लाकडी बडगीत ठेचायची, कळण्याच्या भाकरीबरोबर पंगतीत खायची. ऊन, माणसं, हाताला काम. मला दिवा, समुपदेशक आणि रोजचं वेळापत्रक असं वेगवेगळं लिहून मिळालं तेव्हा पहिल्यांदा आमच्याकडच्या बामणोदच्या भरिताच्या वांग्यांची आठवण झाली. पण स्पर्धा परीक्षेची पोरं सकाळी सातला अभ्यासिकेत शिरतात ती रात्रीच बाहेर येतात. नवी सून दिवसभर मधल्या खोलीत असते. दुकानदार शटरच्या आत. त्यांचा कामोस रावेरात, जळगावातच चालू असतो, आणि त्यांना कुणी विचारत नाही.

मीही विचारलं नव्हतं. सहा वर्षं आई मला करमतं का विचारत होती, मी तिला एकदाही उलटून विचारलं नाही. परवा १ तारखेला मी दिव्यासमोर बसले होते, तिकडे अकरा वाजले होते. मी म्हटलं, "आई, तुले करमतं का?"

ती हसली. मग म्हणाली, "दिवसा करमतं. सांजच्याले नाही करमत."

"कव्हापासून?"

"दादा पुन्याले गेला तव्हापासून."

म्हणजे दीड वर्ष. मग मी नर्सनं मला विचारलेले प्रश्न एकेक करून आपल्या बोलीत विचारले. पहाटे तीनला जाग येते, मग झोप नाही. दोघांसाठी काय रांधायचं म्हणून भाजी एकाच वेळेला करते. भजनाला जाणं सोडलं, हे तर मला माहीतही नव्हतं. मरणाचं विचारताना माझा आवाज कापला. ती म्हणाली, "नाही वं माय, तसं नाही." तसं असतं तर मी एक दिवसही थांबले नसते. तुमच्याही घरात कुणी तसं बोललं, भाव पडल्यावर, गारपिटीनंतर, निकालानंतर, तर त्या माणसाला एकटं सोडू नका. १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी नंबर २०२२ च्या ऑक्टोबरपासून सुरू आहे, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलतात. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे सरकारी मेडिकल कॉलेज झालंय, मानसोपचाराचे डॉक्टर तिथे असतात.

दादाशी मी त्याच दिवशी बोलले. तो रविवारी गावी येतोय, सोमवारी आईला घेऊन जळगावला जाणार आहे. आधी रक्त तपासतील. आईनं एकच अट घातली, की गावात डोळे दाखवायला गेले असं सांगायचं. मी हो म्हटलं. तोवर रोज सांजच्याला, तिचे सहा म्हणजे माझे अडीच, मी फोन लावते. त्या वेळी माझ्या खिडकीत सूर्य नुकताच मावळलेला असतो आणि तिच्या अंगणात अंधार व्हायचा असतो. बोलायला काही नसलं तर ती फोन ओट्यावर उभा करून भाकरी थापते आणि मी बघते. काल तिनं दुसऱ्या वेळेची भाजी केली होती, मेथीची.