एफडी म्हणून गळ्यात मारलेली पॉलिसी

मार्चअखेरीस आमच्याकडे येणारे बहुतेक लोक कर वाचवायला येतात. हा मुलगा आला तो ‘काका, बँकेच्या ॲपमध्ये माझी एफडी दिसत नाही’ म्हणत. सातपूरच्या कारखान्यात पहिलीच नोकरी, साठलेले ६०,००० रुपये. बँकेत एफडी म्हणून दिलेले ते पैसे गेले होते विमा पॉलिसीत: दहा वर्षं दरसाल ६०,००० भरा, विसाव्या वर्षाअखेर १२ लाख घ्या.

दुप्पट मिळणार म्हणून तो खूश होता. हप्त्यांच्या तारखा धरून हिशेब मांडला, तर परतावा वर्षाला जेमतेम साडेचार टक्के. पीपीएफला, म्हणजे सरकारच्या दीर्घ मुदतीच्या बचत योजनेला, एप्रिल २०२०पासून ७.१ टक्के मिळतात. तोच दर टिकला तर हेच हप्ते तेवढ्याच काळात १७ लाख ७० हजारांच्या आसपास जातात.

पॉलिसीचे कागद मिळाल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. त्यातला आठवडा उरला होता. अर्ज बँकेकडे देऊन थांबायचं नाही. तिथे ‘साहेब रजेवर आहेत’ करत मुदत संपवतात. थेट विमा कंपनीला ईमेल केला, शिवाय त्यांच्या शाखेत अर्ज देऊन तारखेच्या शिक्क्यासह पोच घेतली. स्टॅम्प ड्यूटी आणि तेवढ्या दिवसांच्या विम्याचे पैसे कापून बाकी रक्कम खात्यात आली.

मला अजून खटकतो तो पडताळणीचा फोन. ‘हा विमा आहे, एफडी नाही, समजलं ना?’ असं कंपनी त्यात स्पष्ट विचारते आणि ते रेकॉर्ड होतं. विकणाऱ्याने त्याला आधीच पढवलं होतं, सगळ्याला ‘हो’ म्हण. मुदत टळली असती, तर फसवणुकीच्या तक्रारीविरुद्ध त्याचाच आवाज उभा राहिला असता. टार्गेटसाठी पोराच्या पहिल्या बचतीवर असा हात टाकणं मला अक्षम्य वाटतं.

पैसे परत आल्यावर त्याला सगळे निफ्टी इंडेक्स फंडात, म्हणजे निफ्टी निर्देशांकातले शेअर घेणाऱ्या म्युच्युअल फंडात टाकायचे होते. बहिणीचं लग्न दोन वर्षांवर, नेमका तेव्हा बाजार पडलेला असू शकतो, म्हणून मी अडवलं. १५,०००च्या तीन वेगळ्या एफडी केल्या. अडचणीत एकच मोडावी लागते. उरलेल्यातून पीपीएफ उघडलं. त्यात महिन्याच्या ५ तारखेपर्यंत पैसे भरले तरच त्या महिन्याचं व्याज त्यांच्यावर मिळतं. इंडेक्स फंडाची एसआयपी, म्हणजे दरमहा ठरलेली गुंतवणूक, पगारातून, महिना २,०००, डायरेक्ट प्लॅनमध्ये. त्यात वितरकाचं कमिशन नसतं. त्या पैशाला किमान सात वर्षं हात लावायचा नाही, असं ठरलंय.