लॉनसाठी गवत निवडताय? आधी ऊन मोजा

लॉन करायचं ठरलं की सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, सगळ्यात चांगलं गवत कुठलं? मी मात्र उलट विचारते की जागेवर थेट ऊन किती तास पडतं, कारण याचं उत्तर नीट मिळालं की अर्धी गवतं आपोआप बाद होतात. सुट्टीच्या दिवशी सकाळपासून दर तासाला बाहेर डोकावायचं आणि कुठल्या कोपऱ्यात ऊन आहे, कुठे भिंतीची सावली आलीय, ते लिहून ठेवायचं. कंटाळवाणं काम आहे पण कराच.

कारण बघा, उष्ण हवेतली गवतं साधारण 27 ते 35 अंशांत जोमाने वाढतात आणि त्यातली बहुतेक उन्हाची भुकेली असतात. बर्म्युडा, म्हणजे आपल्या हरळीच्याच जातीचं गवत, त्याला तर रोज किमान सहा ते आठ तास थेट ऊन हवंच. ते झाडाखाली लावलं तर लगेच मरत नाही आणि तिथेच माणूस फसतो. आधी पातं लांबट होतं, मग काड्या उंच उंच जातात, दोन पेरांमधलं अंतर वाढतं, खालची माती दिसायला लागते आणि आपण समजतो की खत कमी पडलं, म्हणून अजून युरिया टाकतो आणि गवत अजूनच लेचंपेचं होतं.

पण उघड्यावर भरपूर ऊन असेल, मुलं खेळणार असतील, तर बर्म्युडाच लावा असं माझं स्पष्ट मत आहे. त्याचा एक धागा उपटून बघा, जमिनीवर सरपटणाऱ्या खोडाला पेरापेराला मुळं फुटलेली दिसतील आणि जमिनीखालूनही वेगळी पांढरी खोडं पळत असतात. म्हणूनच तुडवलं गेलं तरी ते पटकन भरून येतं, आणि म्हणूनच फुलांच्या वाफ्यातही घुसतं, त्यामुळे कडेला खोल बॉर्डर हवीच. शिवाय ऐन वाढीच्या दिवसांत आठवड्याला एकदा तरी मशीन फिरवावं लागतं, तेवढा वेळ नसेल तर दुसरं बघा.

दुसरं म्हणजे झोयसिया. नर्सरीत कोरियन ग्रास म्हणून मिळतं ते यातलंच. दाट, गालिच्यासारखं, थोडी सावली चालते, कापणी कमी. फक्त वाढ फार सावकाश, ठोंब लावले तर जमीन झाकायला दोन हंगामही लागू शकतात, आणि टक्कल पडलं तर तेही लवकर भरत नाही. घाई असलेल्यांनी याच्या वाटेला जाऊ नये.

सावली जास्त असेल तर सेंट ऑगस्टिन. पान रुंद, जरा रासवट दिसतं, पण या सगळ्यांत सावली तेच जास्त सोसतं, उंच कापायचं, अडीच-तीन इंचाच्या खाली नको. बोअरचं पाणी खारट असेल तर पॅस्पॅलम, ते समुद्रकाठचंच गवत आहे. आणि जिथे दिवसभर ऊनच नाही तिथे कुठलंच गवत नको, सावलीतली पसरणारी झाडं लावा, खरंच जास्त छान दिसतं.

थंडी असलेल्या भागात ही सगळी गवतं हिवाळ्यात तपकिरी पडतात. मेलेली नसतात, विश्रांती घेत असतात, तेव्हा खत घालू नका.

बियाणं मिळेल का हेही आधी विचारून घ्या. टिफवे 419 सारख्या हायब्रीड बर्म्युडाला रुजणारं बी धरतच नाही, ठोंब किंवा तयार गाद्याच, म्हणजे मातीसकट कापून काढलेले गवताचे तुकडेच, घ्यावे लागतात, सेंट ऑगस्टिनचंही जवळपास तसंच. लावणी उबदार हंगामाच्या सुरुवातीला करा म्हणजे थंडीआधी मुळं धरतात. आणि गादी घेताना वरचा हिरवेपणा बघून भुलू नका, ती उलटी करा, खालची माती बोटांनी जरा फोडून बघा. पांढरी ताजी मुळं दिसायला हवीत. काळपट, कडक, सुपारीपेक्षा बारीक गाठी हाताला लागल्या तर तो लव्हाळा आहे, तो एकदा आत शिरला की वर्षानुवर्षं उपटत बसावं लागतं, ती गादी घेऊच नका.