समासातला किशोर

किशोरकुमारचं चरित्र विकत घेऊ नये, वाचनालयातूनच आणावं, अशा मताला मी आले आहे. आमच्या इंदूरच्या मराठी वाचनालयातली प्रत जाडजूड आहे, बाइंडिंग दुसऱ्यांदा केलेलं, आणि समासांत पेन्सिलीने एवढं लिहिलेलं, की मूळ लेखक बिचारा मधेमधे बोलून घेतो.

इंदुरात किशोरवर मत असायला पुस्तक वाचावं लागत नाही. तो आमचाच. 4 ऑगस्ट 1929 ला इथून जवळच्या खंडव्यात जन्मला आणि शिकायला इथल्या क्रिश्चियन कॉलेजात आला. त्यामुळे सुरुवातीची पानं हाताळून हाताळून मऊ पडलीत. कॉलेजच्या कॅन्टीनची उधारी थकली होती, आणि 'चलती का नाम गाड़ी'च्या गाण्यातले पाच रुपये बारा आणे ते हेच, ही गोष्ट जिथे येते तिथे एकाने लिहिलंय, 'बरोबर. आमचे काका सांगत.' खाली वेगळ्या अक्षरात, 'काका कॅन्टीनवाले का?' त्याच्याही खाली, 'भिया, मज्जा आ गई.' गाणं लिहिलं मजरूह सुलतानपुरींनी, चित्रपट आला 1958 मध्ये, तोवर कॉलेज सुटून दहाएक वर्षं झालेली. पण ती उधारी खोटी ठरवायची आमच्या गावात कुणाची तयारी नाही. माझीही नाही.

लताबाईही 1929 च्याच, सप्टेंबरातल्या, आणि जन्म इंदूरचा. सुरुवातीच्या दिवसांत हा मुलगा लोकल गाडीपासून आपल्या मागे येतोय असं वाटून त्या घाबरल्या, बॉम्बे टॉकीजमध्ये पोचल्यावर त्यांनी संगीतकार खेमचंद प्रकाशांकडे तक्रार केली, तेव्हा कळलं की हा अशोककुमारांचा धाकटा भाऊ, तोही गायलाच निघालाय. हा किस्सा त्या स्वतःच सांगत. तिथे मात्र भांडण नाही. 'दोघं आपल्याकडचे' एवढंच लिहून कुणीतरी खाली दोन रेघा ओढल्यात.

खरी लढाई पैशांच्या प्रकरणात आहे. निर्मात्याने निम्मेच पैसे दिले म्हणून किशोर अर्ध्याच चेहऱ्याला मेकअप लावून सेटवर आला, हा किस्सा सगळ्यांनी ऐकलेला असतो. समासात उद्गारचिन्हासकट 'कंजूष!' त्यावर शाईच्या पेनाने, सुबक अक्षरात, 'कंजूष नव्हे, हिशेबी. कामाचे पैसे मागणे हा गुन्हा नाही.' हे अक्षर बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाचं असणार, पैज लावते. आमच्या मराठी वस्तीत असे पुष्कळ. गिरणीत, बँकेत, एजी म्हणजे महालेखापालांच्या ऑफिसात नाहीतर शाळेत आयुष्य काढलेले, थकबाकी म्हणजे काय ते पुरतं जाणणारे. त्यांना आवडतो तो हाच किशोर. पडद्यावर माकडचेष्टा करणारा नव्हे, पैसे मिळाले का हे विचारल्याशिवाय माइकसमोर उभा न राहणारा.

पुढे बऱ्याच पानांनंतर सत्यजित राय येतात. 'पथेर पांचाली' अडली तेव्हा किशोरने पैशांची मदत केली होती, आणि 'चारुलता'त (1964) तो गायला त्याचे पैसे घेतले नाहीत. तिथे आपला जुना 'कंजूष!' पुन्हा भेटतो. तेच अक्षर, पण पेन्सिल जरा नरमलेली: 'हे आधी का नाही सांगितलं?' मला हा आक्षेप शंभर टक्के मान्य आहे. एकाच माणसाच्या खिशाच्या या दोन गोष्टी. त्या दोन टोकांना ठेवल्या की वाचक मधली सगळी पानं चुकीचा राग धरून बसतो.

मधुबालेच्या पानांवर मी थोडी घाईच केली. 1960 मध्ये लग्न, तिच्या हृदयाला आधीपासूनच छिद्र, 1969 मध्ये ती गेली. एक जण म्हणतो टाकलं, दुसरा म्हणतो सांभाळलं, आणि तिसरीने (ही नक्की बाईच) लिहिलंय, 'तिला कुणी विचारलं का?' यावर कुणी काही लिहिलेलं नाही. एकूण चार लग्नं असल्यामुळे मजकूर पुढे बराच आहे, मतंही आहेत, पण ती लग्नाघरी आलेल्या पाहुण्यांसारखी, जेवून विसरायची. आणीबाणीत, 1976 साली, सरकारी कार्यक्रमाला गायला नकार दिल्याबद्दल त्याची गाणी आकाशवाणी-दूरदर्शनवरून बंद झाली. तिथे 'शाबास', त्यावर फुली, फुलीवर आणखी एक फुली, आणि तेवढ्या जागी कागद फाटलाय.

मग येतं गाण्याचं प्रकरण, आणि समास एकदम पांढराशुभ्र. शास्त्रोक्त तालीम नाही, रेकॉर्डी ऐकून यॉडलिंग, म्हणजे आवाज झटक्यात वर-खाली उडवत गाणं, उचललं, सैगलच्या नकलेतून स्वतःचा आवाज शोधला, 'आराधना'नंतर चाळिशीत नव्याने सुरुवात केल्यासारखा गायला, पार्श्वगायनाची आठ फिल्मफेअर पारितोषिकं घेतली. 'हाफ टिकट'च्या वेळी लताबाई नव्हत्या, तर सलील चौधरींच्या त्या द्वंद्वगीतात बाईचा आणि पुरुषाचा असे दोन्ही आवाज त्यानेच काढले. एवढ्या मोठ्या करामतीसमोर बारीकशी एक बरोबरची खूण, बस.

मला आधी याचा राग आला. ज्यासाठी त्याला ओळखतो तेच सोडून लोक त्याच्या बायका मोजतात! पण मग मीच पेन्सिल घेऊन त्या पानांवर काहीतरी लिहायला गेले, तर लिहू काय? उधारी, लग्न, सरकार यांत प्रत्येकाचा हात कधी ना कधी पोळलेला असतो, त्यामुळे तिथे बोलायला अधिकार लागत नाही. श्वास कुठे तोडला, हसता हसता सूर कसा टिकवला, यावर मला ऐकता येतं, मत देता येत नाही. चरित्रकारालाही फारसं देता आलेलं नाही, हे त्याच्या विशेषणांवरून कळतं. जिथे अडतो तिथे तो 'अवर्णनीय' म्हणतो. मी त्या शब्दाखाली रेघ मारली, एवढंच माझं योगदान.

मुखपृष्ठाच्या आत वाचनालयाचा शिक्का आहे, 'पुस्तकात लिहू नये'. त्याखाली कुणीतरी लिहिलंय, 'मग वही ठेवा'. टेबलावर बसणाऱ्या काकूंनी ते मनावर घेतलं आणि खरंच दोरा बांधून एक शंभर पानी वही ठेवली, वर 'वाचकांचे अभिप्राय'. चरित्र तेव्हापासून अनेकांनी नेलं, समासांत भर पडतेच आहे. वहीत एकच अभिप्राय आहे: 'वही चांगली आहे.'